झऱ्याकाठचं नेचं आणि नसलेला कागद

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्या एका कॉलेजात मला वनस्पतीशास्त्राची नोकरी लागली, तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमचं घर बल्लारपूरला. अब्बा सुतार, सागवानी कपाटं आणि दरवाजे करायचे. घरात पगाराची नोकरी करणारी मी पहिली. पहिली दोन वर्षं ती नोकरी तात्पुरती होती, आणि ही गोष्ट त्याच दोन वर्षांत सुरू झाली.

बाजार बुधवारी भरायचा. पावसाळ्यात डोंगराकडच्या माडिया बायका वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, विकायला घेऊन यायच्या. त्यांतल्या एकीकडून मी दर बुधवारी वास्ते घ्यायची. एरवी ती डिंक, चारोळी आणायची. पन्नाशीची, सडपातळ, हातावर गोंदलेली बाई. नवरा नव्हता. मुलगा आणि सून गावी शेती बघायचे. ती मला ‘मास्तरीनबाई’ म्हणायची, मी तिला ‘बाई’. भावात घासाघीस करायची नाही. मी केली तर वास्ते उचलून परत टोपलीत टाकायची आणि दुसरीकडे बघायची.

एका बुधवारी तिने टोपलीवर वास्ते वाळू नयेत म्हणून हिरवी पानं घातली होती. मी सहज एक उलटून पाहिलं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते, शिरेला धरून इंग्रजी व्ही अक्षरासारखे ओळीने मांडलेले. देठ काळा, खरखरीत, आणि माझ्या अंगठ्याएवढा जाड. आमच्याकडे नेची, म्हणजे फर्न, ओढ्याच्या काठी गुडघ्याएवढी वाढतात. असल्या जाडीचा देठ मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. तो वृक्षनेच्याचा होता. सायाथिया.

‘‘बाई, हे झाड केवढं आहे?’’

तिने हात डोक्यावर नेला, मग मान वर करून बाजूच्या दुकानाच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. ‘‘त्याच्याहून वरतं.’’

ते झाड सह्याद्रीतलं, ईशान्येकडच्या डोंगरांतलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात ते असायचं काही कारण नव्हतं. वर्गात मी त्याची आकृती खडूने काढायची आणि ‘हे आपल्याकडे आढळत नाही’ असं पोरांना लिहून द्यायची. त्या बुधवारी मी वास्त्यांबरोबर ती पानंही मागून घेतली. खोलीवर पांढऱ्या कागदावर ठेवली. सकाळी कागदावर बीजाणूंची तपकिरी पूड उतरली होती, पानाच्या आकाराची. मी तो कागद कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसले.

दिवाळीच्या सुट्टीत ती मला घेऊन गेली. बसने दोन तास, पुढे पायी. तिच्या गावाच्या मागे डोंगराची धार आहे. त्या धारेतून एक नाला खाली येतो, दोन्ही बाजूंना उभा खडक. वरून जांभूळ आणि आंब्याची झाडं एकमेकांत गेलेली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि आत पाऊल टाकलं तर अंगावर काटा आला. खडकातून पाणी झिरपत होतं. तिथे ती झाडं उभी होती. मी मोजली, अकरा. काही माझ्या कमरेएवढी, तीन तर दोन पुरुष उंच. खोडावर गळून गेलेल्या पानांचे वण, एकाखाली एक, लंबगोल. टोकाला पानांची छत्री आणि मधोमध तपकिरी खवल्यांनी झाकलेले गुंडाळलेले कोंब, झोपलेल्या मुलाच्या मुठीसारखे. खालून वर पाहिलं की आकाश फाटक्या चाळणीतून दिसावं तसं दिसायचं.

एका झाडाच्या मुळाशी झिरा होता. झिरा म्हणजे वाळू उकरून केलेला पाण्याचा खड्डा. ती ओंजळीने पाणी प्यायली आणि मलाही दिलं.

‘‘उन्हाळ्यात आमचं पूरं गाव इथीच येते,’’ ती म्हणाली. ‘‘गावातली इहीर आटते, हे नाई आटत. हे झाड माती धरून ठेवते ना. काठ पडत नाई.’’

त्या झाडाला तिच्या बोलीत काय म्हणतात ते तिने सांगितलं. मी वहीच्या कडेला लिहून घेतलं. ती वही पुढे कुठे गेली कोण जाणे. लॅटिन नाव मला आजही झोपेत विचारलं तरी येतं. तिने सांगितलेलं नाव आठवत नाही.

परत येऊन मी प्राचार्यांना सांगितलं. ते खूश झाले, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती. आमच्या विभागाजवळ दाखवायला काही नव्हतं. एक मायक्रोस्कोप, त्याचीही भिंगं बुरशी लागलेली.

‘‘मॅडम, एक रोप आणा की आपल्या बागेत,’’ प्राचार्य म्हणाले. ‘‘जिल्ह्यात कोणाकडेच नसेल. तुमच्या कायम होण्याच्या दृष्टीनेही बरं. परवानगी-बिरवानगीचं तेवढं बघून घ्या.’’

मी बघितलं नाही. वनखात्याकडे अर्ज केला तर उत्तर यायला सहा महिने लागतील, असं कोणीतरी म्हणालं. एवढं ऐकून मी तो विषय सोडून दिला. जानेवारीत कॉलेजची जीप आणि दोन मजूर घेऊन तिच्या गावी गेले. ती अंगणात मोळी सोडत होती. मी तिला म्हटलं, एक छोटं झाड न्यायचं आहे, कॉलेजात लावायचं आहे, मुलांना शिकवायला.

तिला ते आवडलं नाही. ‘‘गावाले विचारावं लागीन. आन् रानवाले?’’

‘‘गावाला तू सांग. आणि रानवाल्यांचा कागद आहे माझ्याजवळ.’’ मी पर्सवर थाप मारली. पर्समध्ये प्रात्यक्षिक परीक्षेची यादी होती आणि एक कंगवा.

‘‘सरकारचा कागद?’’

‘‘हो.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिने तो दाखव म्हटलं नाही. आणि मी मास्तरीनबाई होते. त्या दिवशी गावातली बहुतेक माणसं धानाच्या चुरणीवर, मळणीला गेलेली, गावचा गायता, म्हणजे प्रमुख, लग्नाला दुसऱ्या गावी. तिने थोडा विचार केला आणि पहार काढून आणली.

आम्ही कमरेएवढं एक झाड निवडलं. ते झिऱ्याच्या अगदी वर होतं, तेच काढायला सोपं होतं. मजुरांना ते नीट जमेना, तेव्हा तीच पुढे झाली. हाताने माती मोकळी केली. मुळांचा गठ्ठा वर आला, काळा, ओल्या काथ्यासारखा, त्यातून पाणी निथळत होतं. खालचा काठ लगेच थोडा ढासळला आणि झिऱ्याचं पाणी गढूळ झालं. ‘‘बसन खाली,’’ ती म्हणाली. ओल्या गोणपाटात गुंडाळून ते झाड तिनेच डोक्यावर घेतलं आणि जीपपर्यंत आणून दिलं. वाटेत तिने एकदाही ते खाली ठेवलं नाही.

कॉलेजात मी ते टाकीच्या सावलीत लावलं. वर हिरवी जाळी, दिवसातून चार वेळा पाणी. समिती आली तेव्हा त्याची तीन पानं हिरवी होती. समितीतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी चष्मा काढून पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अरे वा! हे इथे?’’ आमचा फोटो काढला गेला. मध्ये झाड, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला मी. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी लेख लिहिला. त्यात ‘स्थानिकांच्या मदतीने’ असे दोन शब्द तिच्यासाठी होते.

मार्चच्या मध्यावर झाड गेलं. मधला कोंब काळा पडला आणि बोटाने दाबला तर आत मऊ लागला. मी ते रात्री वॉचमनकडून काढून टाकवलं, कोणी बघू नये म्हणून.

त्यानंतर आठवड्याभरात गार्ड आला. तरुण वनरक्षक होता, घामाने शर्ट भिजलेला. मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं.

‘‘मॅडम, नाल्यात खोदल्याचं सापडलं आम्हाले. एक बाई आहे गावातली. तिले दोन दिवसांपासून रेंज ऑफिसात बसवून ठेवलं आहे. ते सांगून राह्यली का तुमच्यापाशी सरकारचा कागद आहे म्हणून. असन तर दाखवून द्या, सोडून देतो तिले.’’

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या टेबलावर माझ्या नेमणुकीची फाईल होती, त्याच महिन्यात ती वर जायची होती. मला आठवतं, पंख्याखाली तिचं कव्हर फडफडत होतं.

‘‘कागद कसला?’’ मी म्हणाले. ‘‘मी बाजारात विकत घेतलं. तीच घेऊन आली होती विकायला.’’

‘‘तिनं खोदून आणलं?’’

‘‘हो.’’

गार्डने ते लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. माझी सही नेहमी घाईची असते, कोणाला वाचता येत नाही. त्या दिवशी मी पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. असं का केलं ते मला कधी कळलं नाही.

गार्ड गेल्यावर प्राचार्य म्हणाले, ‘‘चला, निस्तरलं.’’ आणि घंटी वाजवून चहा मागवला.

त्या शनिवारी मी बल्लारपूरला गेले. अब्बा अंगणात रंधा मारत होते. मनात मावत नव्हतं म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझी बाजू जरा सावरून सांगितली, नोकरीचं, फाईलचं. त्यांचा रंधा थांबला. घरात आम्ही हिंदीच बोलायचो.

‘‘उसका नाम तूने लिखवाया?’’

‘‘हां, अब्बा.’’

‘‘जा, जाके बोल दे, झूठ था.’’

‘‘नौकरी जाएगी.’’

त्यांनी रंध्यातली छिलकी फुंकून काढली. मग पुन्हा रंधा चालवू लागले. त्यानंतर मी घरी गेले की ते प्रवासाचं विचारायचे, तब्येतीचं विचारायचे. कॉलेजचं कधी विचारलं नाही. मला कायम केल्याचं पत्र आलं तेव्हा अम्मीने मोहल्ल्यात मिठाई वाटली. अब्बांनी त्यातला तुकडा घेतला, आणि घेतला याचंच मला जास्त लागलं.

पुढे तीन-चार बुधवार ती बाजारात आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मग एका बुधवारी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात ती उभी. टोपली नव्हती. वाळलेली, डोळे खोल गेलेले.

‘‘मास्तरीनबाई, तो कागद दे.’’

मला आधी कळलंच नाही.

‘‘रानवाल्यायनं सोडलं. पन गाव मले म्हणते, तू झाड इकलं. गायत्यानं दंड लावला, बोकड घेतला. मी सांगतलं, मास्तरीनबाईपाशी सरकारचा कागद हाय, मी इकलं नाई. आणून दाखव म्हणते. मले दे, मी दाखवतो आन् वापस आणून देतो.’’

म्हणजे गार्डने तिला माझ्या जबाबाचं सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तिचा विश्वास बसला नसेल. ती अजूनही त्या कागदावर भरवसा ठेवून होती.

तेव्हाच सांगायचं होतं. दार उघडं होतं, ती समोर होती, ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, ‘‘सापडत नाहीये, बाई. शोधते.’’

‘‘मंग शोधून ठेव. पुढच्या बाजाराले येतो.’’

पुढच्या बाजाराला ती आली. मी म्हणाले, कॉलेजच्या कपाटात असेल, चावी प्राचार्यांकडे आहे. तिने मान हलवली. त्याच्या पुढच्या बुधवारी ती गल्लीच्या तोंडाशी दिसताच मी आत जाऊन दार लावून घेतलं. शेजारणीला आधीच सांगून ठेवलं होतं, मी गावाला गेले म्हणून सांग. शेजारणीने सांगितलं. ती थोडा वेळ ओट्यावर बसली होती, मला फटीतून तिचे पाय दिसत होते. मग उठून गेली. पुन्हा आली नाही.

वर्षभरात मी कोरपन्याच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात गेले. तिकडे कापूस, सिमेंटची धूळ, आणि नेचं औषधालाही नाही. मला ते बरं वाटलं. लग्न झालं, मुलगी झाली. वर्गात वृक्षनेच्याचा धडा आला की मी आकृती काढायची, लवकर पुसायची.

नऊ-दहा वर्षांनी जुन्या कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं. नाही म्हणता आलं असतं. गेले. प्राचार्य बदलले होते. प्रयोगशाळेत गेले तर समोरच्या भिंतीवर तो फोटो, काच घातलेला. खाली रंगवलेल्या अक्षरात लिहिलेलं : ‘आपल्या उद्यानातील दुर्मीळ वृक्षनेचे’. त्याखाली उभं राहून मुलं माझ्यापुढे काचपट्ट्या तयार करत होती. एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, हे तुम्हीच ना? झाड कुठी आहे आता?’’

‘‘गेलं,’’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. गुणपत्रिकांवर सह्या सोमवारी व्हायच्या होत्या. मी सकाळची पहिली बस धरली.

तिचं घर मला सापडलं. ती अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसली होती. केस पांढरे, पण हात तसाच झरझर चालत होता. तिने मला बघितलं, ओळखलं, आणि कामटी सोलत राहिली. सुनेने खाट टाकली. मी खाटेवर बसले नाही, समोर जमिनीवर बसले.

‘‘बाई, कागद नव्हता. कधीच नव्हता.’’

‘‘माहीत हाय.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तिसऱ्या बाजारापासून. तू घरात होती. खोकलून राह्यली होती.’’

मी खोकले होते याची मला जाणीवसुद्धा नव्हती. मी रडायला लागले. तिने मला थांबवलं नाही. एक कामटी पुरी झाली, दुसरी घेतली. माझं रडणं थांबल्यावर म्हणाली, ‘‘मले सांगून काय होते? मी तं होतोच तिथी. गायत्याले सांग. गावाले सांग.’’

दुपार कलली तेव्हा मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. वीस-पंचवीस पुरुष, मागे बायका. मी मराठीत बोलले, तिचा मुलगा माडियात सांगत होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता. मी सांगितलं की झाड तिने विकलं नव्हतं. मी खोटं बोलून नेलं. कागद आहे म्हटलं, तो नव्हता. मग गार्डसमोर तिचं नाव घेतलं. वर्गात मी तासभर न अडखळता बोलते. त्या दिवशी चार वाक्यांना तीन वेळा थांबावं लागलं.

गायता म्हातारा होता. सगळं ऐकल्यावर त्याने एकच विचारलं, ‘‘झाड जगलं का?’’

‘‘नाही.’’

मुलाला त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. मागच्या बायकांत कुजबुज झाली. मग मला कळलं की त्याच पावसाळ्यात उघडा पडलेला काठ घसरला, आणखी एक मोठं झाड आडवं झालं, आणि झिरा बुजला. दोन उन्हाळे त्यांनी लांबच्या नाल्यावरून पाणी आणलं. नंतर दगड रचून काठ बांधला. आणि ती दोन्ही वर्षं पाण्याला जाताना बायका तिच्याबरोबर चालत नव्हत्या. हे सांगायला ती पुन्हा माझ्या दारात आली नव्हती.

त्यांचं आपसांत बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी ठरलं की दंड मला. एक बोकड गावाला, जेवणासाठी, सोबत तांदूळ. आणि एक तिला, तिचा घेतलेला परत म्हणून. मी पैसे दिले आणि बाजूच्या गावातून तिच्या मुलानेच दोन बोकड आणून दिले. मला वाटलं होतं ते माझ्या अंगावर ओरडतील. कोणी ओरडलं नाही. ठरलं, आणि माणसं कामाला पांगली.

तिने आपला बोकड बघितला, पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, आणि खुंटीला बांधला. गावातली एक म्हातारी तिच्याजवळ येऊन बसली आणि दोघी माडियात काहीतरी बोलल्या. ती हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

निघताना मी विचारलं, ‘‘बाई, नाल्यावर नेशील का एकदा? लांबूनच बघते.’’

‘‘नाई,’’ ती म्हणाली. रागाने नाही, भाव सांगावा तशी. ‘‘तिथी तुले नाई नेत.’’

किती झाडं उरली, हे मी विचारलं नाही. मुलाने मला रस्त्यापर्यंत सोडलं.

येताना वाटेत रेंज ऑफिसच्या गावी उतरले. रविवार असूनही एक बाबू होता. मी सांगितलं, माझा एक जुना जबाब आहे, तो खोटा आहे, मला लिहून द्यायचं आहे. त्याने मला पाण्याचा ग्लास दिला, दोन कपाटं उघडून दाखवली. जुनं सगळं वाळवीने खाल्लं होतं. ‘‘जाऊ द्या ना मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘आता कोण विचारते?’’ मी तरी एक अर्ज लिहून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो पेपरवेटखाली सरकवला.

सोमवारी कॉलेजात गुणपत्रिकांवर सह्या केल्या. काम संपल्यावर नवे प्राचार्य मला प्रयोगशाळेतून घेऊन निघाले. फोटोपाशी थांबले. सोबत दोन तरुण प्राध्यापक होते.

‘‘बघा,’’ ते त्यांना म्हणाले, ‘‘मॅडमनी काय काम करून ठेवलंय इथे. आपल्याला आजवर असं जमलं नाही.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘केवढी मेहनत घेतली असेल तुम्ही!’’

आदल्याच दिवशी मी अख्ख्या गावासमोर बोलले होते. शब्द तयार होते, तोंडात होते. इथे तीनच माणसं होती, मराठी कळणारी, माझ्या ओळखीची, पुढे विद्यापीठात कुठेतरी भेटत राहणारी.

‘‘हो,’’ मी म्हणाले, ‘‘बरीच.’’

मग आम्ही त्यांच्या खोलीत गेलो आणि चहा घेतला.